ऑर्लँडोचे सहा दिवस: डिस्ने, युनिव्हर्सल आणि रांगेतली मिनिटं

सासूबाई जूनमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या. त्या यायच्या आधीपासूनच, म्हणजे मार्चपासून, घरात एकच विषय होता: या उन्हाळ्यात आजीला घेऊन फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला, तिथल्या थीम पार्कांत जायचं. लेक दहा वर्षांची. तिला युनिव्हर्सल हवं होतं, कारण तिथलं एपिक युनिव्हर्स हे नवंकोरं पार्क २२ मे २०२५ ला उघडणार होतं. धाकटा सहा वर्षांचा, त्याला डिस्ने. नवरा विद्यार्थी असताना, २०१२ मध्ये, मित्रांबरोबर डिस्नेला जाऊन आला होता. त्यामुळे त्याला तिथली सगळी माहिती आहे असं आम्ही धरून चाललो होतो. तिकिटं काढायला बसलो तेव्हा कळलं की त्याच्या वेळचं काहीच आता उरलेलं नाही.

आम्ही २३ ऑगस्टला परत आलो. ओळखीतल्या तीन-चार घरांनी विचारलं, "किती खर्च आला? गर्दी किती होती? दोन्हीकडे जावं का?" फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा तारीखवार लिहून काढते.

आधी दरांचं बोलते, कारण आमचा पहिला महिना त्यातच गेला. डिस्नेचं मॅजिक किंगडम हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हा आत जायला साडेतीन डॉलर पडायचे, राइडची कुपनं वेगळी. नवरा गेला त्या वर्षी एका दिवसाचं तिकीट नव्वदच्या आत होतं. २०१५ मध्ये त्याने पहिल्यांदा शंभरी ओलांडली. आता दर तारखेप्रमाणे बदलतो. २०२५ मध्ये डिस्नेच्या चार पार्कांत सगळ्यात स्वस्त दिवस ११९ डॉलरचा होता, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचं तेच एका दिवसाचं तिकीट १९९ डॉलरला. एपिक युनिव्हर्सचं एका दिवसाचं तिकीटही तेव्हा १३९ पासून १९९ पर्यंत. म्हणजे डिस्ने महाग आणि युनिव्हर्सल स्वस्त, असं जे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो, ते आता खरं नाही. दोघं एकमेकांकडे बघूनच दर लावतात असं मला तरी वाटलं.

पण खरा बदल तिकिटात नाही, रांगेत आहे. नवऱ्याच्या वेळी फास्टपास नावाची सोय होती. मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळी यायचं आणि छोट्या रांगेतून आत जायचं, फुकट. १९९९ पासून ती सोय होती. २०२० मध्ये पार्क बंद झाली तेव्हा ती गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तीच गोष्ट नाव बदलून पैसे घेऊन परत आली. जुलै २०२४ पासून तिला लाइटनिंग लेन मल्टी पास म्हणतात. युनिव्हर्सलकडे त्याच कामासाठी एक्स्प्रेस पास आहे, तोही विकतच. म्हणजे तिकीट काढून तुम्ही आत जाता, आणि आत गेल्यावर स्वतःचाच वेळ परत विकत घ्यायचा की नाही हा दुसरा हिशोब सुरू होतो. हे मनाशी पक्कं केल्यावर आमचं नियोजन सोपं झालं. मी एक दोनशे पानी वही केली, डाव्या पानावर पैसे आणि उजव्या पानावर मिनिटं.

तारखा ठरवायला दोन आठवडे लागले. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि आमच्या न्यू जर्सीतल्या सप्टेंबरमध्ये, लेबर डे झाल्यावर. मधले जे दोन-तीन आठवडे उरतात त्यात तिथली स्थानिक गर्दी ओसरलेली असते, दर उतरलेले असतात आणि आपल्या मुलांना मात्र सुट्टी असते. ईशान्येकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा. त्याची किंमत म्हणजे ऊन, दुपारचा पाऊस आणि वादळांचा मोसम, जो जून ते नोव्हेंबर चालतो. गणपती २७ ऑगस्टला होते, त्याआधी घरी पोचायचंच होतं. म्हणून रविवार १७ ला जायचं आणि शनिवार २३ ला परतायचं ठरलं. हे ठरवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती आईंनी कॅलेंडर बघून सांगितली: "सोमवार अठरा म्हणजे शेवटचा श्रावणी सोमवार. आणि एकोणीसला एकादशी." लागोपाठ दोन उपवास. त्या पुढे म्हणाल्या, "माझ्यासाठी काही बदलू नकोस. लाडू घेऊन चल."

मग असं ठरलं: सोमवारी मॅजिक किंगडम, मंगळवारी पूर्ण आराम, बुधवारी डिस्नेचंच अ‍ॅनिमल किंगडम, गुरुवारी एपिक युनिव्हर्स, शुक्रवारी युनिव्हर्सलची दोन जुनी पार्कं. डिस्नेचं दोन दिवसांचं तिकीट चार दिवसांत वापरता येतं, म्हणून मध्ये सुट्टी घेता आली. वयस्कर माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर मधला मोकळा दिवस अजिबात कापू नका. नवऱ्याला तो दिवस वाया जातोय असं वाटत होतं. मंगळवारी दुपारी दोन वाजेपर्यंत तोच झोपला होता.

तिकिटं ७ जूनला काढली. दोन्हीकडे तीन ते नऊ वयाचं तिकीट मुलांचं आणि दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं. लेक मे महिन्यातच दहाची झाली होती. अर्थात दोन्हींत फरक फार नसतो, पाच ते वीसेक डॉलरचा. डिस्नेची पाच जणांची दोन दिवसांची तिकिटं करासकट १,५०० डॉलरच्या आसपास. एपिकचा एक दिवस ७८८. युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांचा एक दिवस ९७४, कारण त्या दोन पार्कांच्या मध्ये हॅरी पॉटरची रेल्वे धावते आणि तिच्यात बसायला दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं. लेकीसाठी ती रेल्वे हाच मुख्य कार्यक्रम होता. म्हणजे युनिव्हर्सलचे दोन दिवस डिस्नेच्या दोन दिवसांपेक्षा आम्हाला अडीचशे डॉलरनी महाग पडले. दाखवलेल्या दरावर साडेसहा टक्के कर लागतो, तो धरूनच तुलना करा. ऑफिसच्या कर्मचारी सवलतीच्या पोर्टलवर युनिव्हर्सलची तिकिटं थोडी स्वस्त मिळाली. तुमच्या ऑफिसचं तसं काही असेल तर आधी तिथे बघा. अनोळखी साइटवरची अर्ध्या किमतीची तिकिटं आम्ही मोहात पडूनही घेतली नाहीत.

हॉटेल पार्कबाहेरचं घेतलं, स्वयंपाकघर असलेलं, सहा रात्रींचे करासकट ८७८ डॉलर. तिथल्या हॉटेलांवर साडेबारा टक्के कर असतो. चेक-इन करताना कळलं की गाडी लावायचे रोजचे पंधरा डॉलर वेगळे. बुकिंगच्या पानावर ते अगदी खाली, बारीक अक्षरात होतं, आम्ही वाचलं नव्हतं. नव्वद डॉलर तिथे गेले. हॉटेल घेताना पार्किंगचं आणि स्वयंपाकघरात भांडी आहेत की नाही याचं फोन करून विचारा. आमच्या स्वयंपाकघरात शेगडी होती आणि एकही पातेलं नव्हतं. पहिल्या रात्री दुकानातून एक कढई आणि एक पातेलं आणलं.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहिलं तर दोन फायदे असतात: रोज अर्धा तास आधी आत सोडतात आणि लाइटनिंग लेन सात दिवस आधी ठरवता येते. बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. पूर्वी त्यांची विमानतळावरून फुकट बस असायची, ती २०२२ च्या सुरुवातीपासून बंद आहे. युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांत खोलीबरोबर एक्स्प्रेस पास मिळतो, पण तो जुन्या दोन पार्कांपुरता, एपिकला चालत नाही. ज्यांना एपिकसाठीच जायचंय त्यांनी हे आधी बघा.

आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न होता. घरात त्या फिरतात, पण दिवसाला दहा किलोमीटर चालणं शक्य नव्हतं. डिस्नेची अपंगांसाठी जी रांगेतून सूट देणारी सोय आहे, तिचे नियम मे २०२४ मध्ये कडक झाले. ती आता मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणी असणाऱ्यांसाठी आहे, व्हिडिओ कॉलवर बोलून ठरवतात. गुडघेदुखीला ती मिळत नाही. व्हीलचेअर असली म्हणून रांग चुकत नाही, बहुतेक ठिकाणी व्हीलचेअर रांगेतूनच आत नेता येते. तरीही व्हीलचेअर न्याच. ओळखीतल्या एका मावशींनी त्यांची घडीची खुर्ची दिली. विमानात तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आईंना सुरुवातीला खुर्चीत बसायचा संकोच वाटत होता. "चालता येतंय की मला," असं त्या विमानतळावरही म्हणत होत्या. मी म्हटलं, "आई, दमल्यावर बसायला बरोबर असू दे, एवढंच." तेव्हा कुठे तयार झाल्या.

शुक्रवार १५ ऑगस्ट. सकाळी पावणेसातला आम्ही दोघं टेबलाशी, दोन फोन, एक लॅपटॉप. बरोबर सातला सोमवारच्या लाइटनिंग लेनची खिडकी उघडते. त्यासाठी घरातल्या सगळ्यांची तिकिटं एकाच अ‍ॅपमध्ये एकमेकांना जोडलेली हवीत. ते काम आदल्या रात्रीच करून ठेवा, सकाळी वेळ नसतो. तीन राइड आधी निवडता येतात, एक मोठी आणि दोन छोट्या, आणि पहिली वापरून झाली की पुढची घेता येते. सात वाजून एक मिनिटाने आमच्या बँकेने व्यवहार संशयास्पद म्हणून अडवला. फोनवर मेसेज आला, त्याला 'हो' म्हणून उत्तर दिलं, परत कार्ड घातलं, तोवर सात वाजून सहा मिनिटं. पहिल्या पसंतीची वेळ सकाळी साडेनऊची होती ती दुपारी अडीचची झाली. चौघांचे ११५ डॉलर. आईंसाठी घेतला नाही, कारण त्या मोठ्या राइडवर बसणार नव्हत्या. एका माणसाला एका दिवसासाठी चारशे डॉलरच्या वर जाणारा, सगळ्या रांगा टाळणारा पासही डिस्ने विकतं. तो आकडा बघून आम्ही पुढे गेलो.

शनिवारी अटलांटिकमधलं एरिन वादळ पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं झाल्याची बातमी आली आणि साताऱ्याहून फोन सुरू झाले. वादळ समुद्रातच राहणार, फ्लोरिडाला लागणार नाही असं हवामान खातं सांगत होतं, तरी पोटात गोळा आला होता. रद्द केलं तर काय परत मिळतं ते त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. हे तिकीट काढायच्या दिवशीच वाचायला हवं होतं. तारखेची तिकिटं सहसा परत होत नाहीत, फरक भरून तारीख बदलता येते. एरिन शेवटी किनाऱ्यापासून लांबून उत्तरेला गेलं, आणि गंमत म्हणजे पोहायला बंदी आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यांवर लागली.

रविवारी नेवार्कहून विमान, पाच जणांचे येण्याजाण्याचे ८६० डॉलर. आईंचं ओळखपत्र म्हणजे पासपोर्टच. विमानाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे, मधल्या नावासकट घाला. संध्याकाळी आईंनी दशम्या केल्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. त्यांचा सोमवारचा डबा वेगळा होता: राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दोन केळी. डिस्नेच्या पार्कांत घरचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेचं काही चालत नाही. युनिव्हर्सलमध्ये पाणी आणि थोडा खाऊ चालतो, मोठे डबे नाही.

सोमवारी पहाटे साडेसहाला निघालो. मॅजिक किंगडमच्या दारात गाडी लावता येत नाही. लांबच्या तळावर लावायची (आम्ही गेलो तेव्हा तीस डॉलर), तिथून मोनोरेल किंवा बोटीने तलाव ओलांडायचा. घरातून निघाल्यापासून दारात पोचेपर्यंत सव्वा तास गेला, तो धरूनच निघा. बोटीतून जाताना पाण्यापलीकडे किल्ल्याचा निळा कळस दिसला. धाकटा एवढा वेळ बोलत होता, तो एकदम गप्प झाला आणि आजीच्या खुर्चीचा दांडा धरून उभा राहिला. या पार्कात वर्षाला पावणेदोन कोटींच्या वर माणसं येतात, जगात सगळ्यात जास्त. ऑगस्टचा सोमवार असूनही दहा वाजेपर्यंत मुख्य रस्ता भरला होता. त्याचं एक कारण आम्हाला नंतर कळलं. ऑगस्टच्या मध्यापासून काही संध्याकाळी तिथे हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना सहा वाजता बाहेर पडावं लागतं, म्हणून आतषबाजी बघायची असलेले सगळे पार्टी नसलेल्या दिवशी येतात. आम्हीही तेच केलं होतं. आतषबाजी नको असेल तर पार्टीचा दिवस घ्या, दुपारी रांगा बऱ्याच कमी असतात.

आईंनी त्या दिवशी उपवासाच्या पोटी सात गोष्टी केल्या. लहान मुलांची गाणी म्हणणाऱ्या बाहुल्यांमधून जाणारी बोट, चाच्यांची बोट, भुताचा वाडा, आणि उंचावरून संथ फिरणारी पीपलमूव्हर नावाची गाडी, तीन वेळा. तिला रांग जवळजवळ नसते आणि वारा लागतो. तिसऱ्या फेरीला त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडून खजूर काढला आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही दिला. त्या बाईंनी तो खाल्ला आणि बी रुमालात बांधून ठेवली. दुपारी दीडला आम्ही एका थंडगार नाट्यगृहात जाऊन बसलो. डिस्नेत खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं. बाटलीचे पैसे घालवू नका.

वहीच्या उजव्या पानावर त्या दिवशीचा आकडा: माझ्या तेरा गोष्टी, रांगेत २०५ मिनिटं. एका गोष्टीला सोळा मिनिटांच्या आसपास. पण त्यासाठी दिवसभर फोन हातात होता. एक वापरली की दुसरी शोध, वेळ पुढे ढकल, पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळ. रात्री आतषबाजी सुरू झाली तेव्हा माझ्या फोनची बॅटरी चार टक्के होती. पॉवर बँक न्या, आणि हे फोनचं काम घरातल्या एकाकडेच द्या. आमच्यात दुपारी दोघांनी वेगवेगळं बुकिंग केलं आणि त्यावरून थोडं वाजलंही.

मंगळवार हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात. एकादशीला आईंनी त्या नव्या कढईत साबुदाण्याची खिचडी केली. साबुदाणा त्यांनी घरूनच भिजवून, निथळून, फडक्यात बांधून आणायचा हट्ट धरला होता. मी नको म्हटलं म्हणून कोरडा आणला आणि सोमवारी रात्री भिजवला.

बुधवारी अ‍ॅनिमल किंगडम, आणि हा दिवस आमच्यासाठी सगळ्यात सुखाचा. कुठलाही जास्तीचा पास घेतला नाही. दार उघडताच सफारीकडे गेलो. प्राणी सकाळीच बाहेर असतात, दुपारच्या उन्हात झोपतात. उघड्या ट्रकमधून जिराफ रस्ता अडवून उभा होता, त्याची मान आईंच्या डोक्यावरून गेली. आशिया विभागात आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य उभं केलंय, पडक्या राजवाड्याच्या भिंती, त्यावर रंग उडालेली चित्रं, आणि काचेपलीकडे खरा वाघ. आई तिथे वीस मिनिटं बसल्या. "भिंतीचा पोपडा कसा हुबेहूब केलाय बघ," म्हणाल्या, "आपल्या वाड्याची मागची भिंत अश्शीच आहे." ‘अवतार’ सिनेमावरच्या पँडोरा विभागातल्या उडण्याच्या राइडला ४४ इंच उंची लागते. धाकटा ४३. त्याला फार लागलं ते. घरी भिंतीवर मोजून, प्रत्येक राइडची उंची बघून, मुलांना आधी सांगून न्या. अशा वेळी एक सोय आहे: धाकट्याला नवऱ्याजवळ ठेवून आधी मी आणि लेक रांगेत उभ्या राहून जाऊन आलो, मग नवऱ्याला पुन्हा लांब रांग लावावी लागली नाही, आणि लेकीला त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा बसायला मिळालं. युनिव्हर्सलमध्ये हीच सोय वेगळी चालते. तिथे सगळं कुटुंब एकत्र रांगेतून जातं आणि न बसणारे शेवटच्या खोलीत थांबतात. सात गोष्टी, १९० मिनिटं.

गुरुवारी एपिक. दार उघडायच्या तासभर आधी पोचलो तरी पुढे मोठा जमाव होता, आणि त्यांच्या हॉटेलवाल्यांना आधीच आत सोडलेलं होतं. मधोमध कारंजी आणि बाग, तिच्या कडेने वेगवेगळ्या जगांची दारं. एकाही दारातून पलीकडचं दिसत नाही, आत पाऊल टाकल्यावरच समोर उघडतं. लेक हॅरी पॉटरच्या जगातल्या पॅरिसच्या रस्त्यावर उभी राहून रडली. तिला किती आनंद झाला होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही. हॅरी पॉटरच्या मंत्रालयाच्या राइडला पाटीवर १२५ मिनिटं होती, आम्हाला १४० लागली. बरीचशी रांग आत, थंड हवेत आहे, आणि ते मंत्रालयाचं उंच दालन बघायला रांगेतच वेळ मिळतो. इथे रांगही बघण्यासारखी आहे हे मान्य करायला हवं. पण सहा वर्षांच्या मुलाला दोन तास वीस मिनिटं उभं ठेवायचं म्हणजे काय, ते मला विचारा. निन्टेंडो या व्हिडिओ गेमवाल्यांच्या विभागात मनगटावर बांधायचा पट्टा मिळतो, तो चाळीस डॉलरच्या वर आहे. त्याशिवायही तिथल्या राइडवर बसता येतं, तो भिंतीवरचे खेळ खेळायला लागतो. दोन मुलांत एक घेतला.

पार्क नवं, झाडं अजून वाढायची आहेत, त्यामुळे दुपारी सावली शोधावी लागते. आई आणि नवरा बागेजवळच्या एका उपाहारगृहात बसले होते. साडेतीनला गडगडायला लागलं आणि उघड्यावरच्या राइड थांबल्या. फ्लोरिडात उन्हाळ्यात हे जवळजवळ रोजचंच, जवळपास वीज पडायला लागली की सगळीच पार्कं असं करतात. त्या वेळात ड्रॅगनच्या बेटावरचा बंदिस्त नाट्यगृहातला खेळ बघितला, आजीसकट पाचही जणांनी. पावसाचे कागदी रेनकोट घरूनच, डॉलर स्टोअरमधून न्या. एपिकच्या पानावर: पाच गोष्टी, ३१५ मिनिटं. एकेका गोष्टीला तासाच्या वर. एक्स्प्रेस घेतला असता तर ही मिनिटं निम्मी झाली असती, पण चौघांचा मिळून त्याचा आकडा तिकिटांच्या बरोबरीला जात होता, म्हणून सोडला.

शुक्रवारबद्दल थोडक्यात. जुनी दोन पार्कं, एक १९९० चं आणि एक १९९९ चं. गर्दी एपिकपेक्षा स्पष्टच कमी, बहुतेकांची पावलं आता तिकडे वळलेली. रेल्वेने जाताना खिडकीत एक दृश्य दिसतं आणि परत येताना दुसरं, म्हणून दोन्ही बाजूंनी बसा. आईंना ती गाडी फार आवडली; डब्यातल्या बाकावर मांडी घालून बसल्या. नऊ गोष्टी, २६० मिनिटं. लेकीने साठवलेल्या पैशांतून जादूची काठी घेतली.

शनिवारी विमानात वहीचं डावं पान पूर्ण केलं. तिकिटं ३,२६२, लाइटनिंग लेन ११५, विमान ८६०, हॉटेल आणि तिथलं पार्किंग ९६८, भाड्याची गाडी ३४०, पार्कांचं पार्किंग सव्वाशे, खाणं ६१०, वस्तू आणि खेळणी २४५. साडेसहा हजार डॉलरच्या थोडं वर. एकट्या डिस्नेत चार दिवस काढले असते तर पाचशेक वाचले असते असा माझा अंदाज आहे, पण मग लेकीचा तो पॅरिसचा रस्ता राहिला असता. आईंनी आकडा रुपयांत विचारला. मी सांगितला. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण साताऱ्यात कुणाला सांगू नकोस, जिराफाचं सांग."

रविवारी व्हीलचेअर पुसून मावशींकडे परत द्यायला गेले. त्यांची मुलगी ऑक्टोबरमध्ये जाणार आहे, चार वर्षांची जुळी मुलं आणि सासरे बरोबर. तिने एपिकचं विचारलं. मी तिला सरळ सांगितलं, या वेळी एपिक नको. चार वर्षांच्या मुलांना तिथल्या मोठ्या राइडची उंची पुरणार नाही, आणि पुरली तरी ती रांग झेपणार नाही. अ‍ॅनिमल किंगडम आणि मॅजिक किंगडम, मध्ये एक दिवस रिकामा. तिने माझ्या वहीच्या पानांचे फोटो काढले आणि तिथेच फोनवर गजर लावला, जायच्या तीन दिवस आधीचा, सकाळी पावणेसातचा. खुर्ची तिच्याच गाडीत ठेवून मी गणपतीच्या खरेदीला गेले.